धनुष्य पाहिजे, उपकार नको

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा होता. विहारात जयंतीच्या तयारीची बैठक चालू होती. पावतीपुस्तके वाटून झाली होती, मिरवणुकीचा मार्ग ठरला होता आणि डीजेवाल्याला इसार किती द्यायचा यावर घासाघीस सुरू होती. तेवढ्यात दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी येऊन बसणारा, अकरावीत शिकणारा. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा, पावरा समाजाचा. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा हा वसतिगृहात राहतो. त्याच्या हातात वहीतून फाडलेले एक पान होते.

मुलाचे नाव आम्ही या लेखात देणार नाही. का देणार नाही, ते लेख वाचून संपल्यावर कळेल.

पानावर त्याने अर्ज लिहिला होता. कोणाला लिहावा हे ठाऊक नसल्यामुळे वर नुसतेच 'माननीय महोदय' होते. मजकूर साधारण असा: मी आदिवासी पावरा समाजाचा आहे. वय 16. मी लहानपणापासून शिकार करतो, म्हणून माझा नेम चांगला आहे. बांबूच्या धनुष्यावर मी जिल्ह्यात पहिला आलो. ऑलिंपिकमध्ये चालते ते धनुष्य माझ्याकडे नाही. तरी आपण माझे प्रायोजक व्हावे. मी आपले नाव राखीन.

आमच्यातले निवृत्त गुरुजी चष्मा लावून पान वाचू लागले. त्यांनी खिशातला पेन काढला आणि 'शिकार करतो' हे शब्द खोडले. म्हणाले, "पोरा, हे वाक्य काढ. फॉरेस्टवाल्याच्या हातात पडलं तर धनुष्य राहील बाजूला आणि केस लागेल."

मुलाने विचारले, "मग नेम कुठे शिकलो म्हणून लिहू, सर?"

बैठकीत वीस-बावीस माणसे होती. त्यात दोन वकील होते, चार शिक्षक होते, एक ग्रामसेवक होता. उत्तर कोणालाच देता आले नाही.

आज तोच प्रश्न आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत. नेम कुठे शिकला हे सांगायची ज्याला चोरी आहे, त्याने नेमाच्या जोरावर मदत मागायची कशी?

तो शिकला आज्याकडे. आजा बांबूचा कामठा करायचा. त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. पाखराला बोथट टोकाचा बाण, माशाला लोखंडी टोकाचा. पोराला सहाव्या-सातव्या वर्षी छोटा तीरकामठा मिळाला, तो खेळणे म्हणूनच. गुरे राखायला गेले की सरडा, तितर, नदीच्या डोहातला मासा. यात ना मर्दुमकी होती, ना क्रौर्याचा आनंद. ज्या घरात डाळ महिन्यातून मोजक्या वेळा शिजते, त्या घरात मासा आला की तो दिवस सणाचा असतो.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हे सगळे गुन्ह्याच्या खात्यात गेले. पुढे 2006 मध्ये वनहक्क कायदा आला. आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करण्यासाठी हा कायदा आहे, असे त्याच्या प्रास्ताविकातच म्हटले आहे. त्या कायद्याने जमीन कसण्याचा हक्क मान्य केला, गौण वनोपजाचा हक्क मान्य केला. पण कलम 3(1) मध्ये 'इतर कोणताही पारंपरिक हक्क' असे म्हणताना शिकारीचा आणि सापळा लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

आमचा गैरसमज करून घेऊ नका. आम्ही शिकारीचा परवाना मागायला बसलेलो नाही. आम्ही बुद्धाला मानणारी माणसे आहोत आणि जंगल आज कोणत्या अवस्थेत आहे तेही आम्हाला दिसते. आमचा सवाल वेगळा आहे. जंगलातले वाघ कोणी संपवले? सरगुजाच्या एकट्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघ सांगितले जातात. साहेबांनी आणि संस्थानिकांनी हत्तीवर बसून जे केले त्याला 'शिकारीचा शौक' म्हटले गेले. मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले त्यांचे फोटो आजही राजवाड्यांच्या भिंतींवर आहेत आणि आपण तिकीट काढून ते पाहतो. त्याच इंग्रजांच्या राज्यात 1871 च्या कायद्याने शिकारीवर जगणाऱ्या पारध्यांसारख्या जमातींच्या कपाळावर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का बसला. बंदूकवाला शिकार करतो तेव्हा तो शौकीन असतो आणि तीरकामठेवाला करतो तेव्हा तो आरोपी असतो. प्राणी तोच, जंगल तेच. फरक पडतो तो मारणाऱ्याच्या जातीने.

जगात हे असेच चालते असेही नाही. अमेरिकेत धनुष्याने शिकार करणे हा कायदेशीर खेळ आहे. परवाना घ्यायचा, हंगाम पाळायचा, ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा जास्त प्राणी मारायचे नाहीत. तिथली तरुण मुले धनुष्य बनवणाऱ्या कंपन्यांकडे प्रायोजकत्व मागतात, तेव्हा आपण शिकारी आहोत हे पहिल्याच ओळीत अभिमानाने लिहितात. आपल्याकडे ज्या 1972 साली वन्यजीव कायदा झाला, त्याच साली तिथे धनुष्यबाणांवर 11 टक्के कर बसवण्याचा आणि तो पैसा वन्यजीवांच्या रक्षणाला आणि शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला लावण्याचा कायदा झाला. तिथल्या मूळ रहिवाशांशी त्या देशाने काय केले ते जगाला माहीत आहे, म्हणून त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण दोन मुलांचे दोन अर्ज शेजारी ठेवून पाहा. एकाची पहिली ओळ म्हणजे त्याची पात्रता आणि दुसऱ्याची तीच ओळ म्हणजे त्याच्याविरुद्धचा पुरावा.

आता त्याला पाहिजे होते ते काय, ते सांगतो.

आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे. साधे लाकडी-बांबूचे धनुष्य आणि 50 व 30 मीटरचे अंतर. हे धनुष्य काही हजारांत मिळते. गरिबाचे पोर इथपर्यंत येऊ शकते आणि येतेही. पण ऑलिंपिकमध्ये या धनुष्याला जागा नाही. तिथे रिकर्व्ह लागते आणि अंतर 70 मीटर. समोरच्या लक्ष्याचा व्यास 122 सेंटिमीटर, त्यातले दहा गुणांचे वर्तुळ फक्त 12.2 सेंटिमीटरचे, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढेही नाही. 72 बाण मारायचे, पैकीच्या पैकी गुण 720. या दर्जाचा रिकर्व्हचा पूर्ण संच दोन-अडीच लाखांच्या घरात जातो. नुसते चांगले कार्बनचे डझनभर बाण घेतले तरी तीस-चाळीस हजार लागतात, आणि बाण हरवतात, मोडतात. शिकाऊ संचसुद्धा पन्नास हजारांच्या आसपास. त्याच्या आईबापाला एका हंगामाच्या ऊसतोडीची जी उचल मिळते, तिच्यातून आधीचे कर्ज फेडून हे कसे व्हायचे?

सरकारच्या योजना आहेत, नाहीत असे नाही. खेलो इंडियात निवड झाली तर खेळाडूमागे वर्षाला 6 लाख 28 हजार रुपये खर्च होतात आणि त्यातले महिन्याला 10 हजार थेट खेळाडूच्या हातात येतात. त्याच्याही वर गेलेल्या खेळाडूंसाठी ऑलिंपिक पोडियम योजना आहे. आपल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजूर कुटुंबातला प्रवीण जाधव प्रबोधिनीतून घडला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. हे खरे आहे आणि याचा आम्हाला अभिमान आहे. पण या सगळ्या दारांवर एकच पाटी लागलेली आहे : आधी गुण दाखवा. रिकर्व्हवर 70 मीटरचे गुण दाखवायचे तर हातात रिकर्व्ह पाहिजे आणि रिकर्व्ह पाहिजे तर आधी गुण पाहिजेत. विहिरीत उतरल्याशिवाय पोहता येत नाही आणि पोहता येत असेल त्यालाच विहिरीत उतरण्याची परवानगी आहे!

या देशाला उलट दिशेने चालता येत नाही असे मात्र नाही. तो एकदा तसा चालला आहे. 1987 मध्ये क्रीडा प्राधिकरणाच्या योजनेत अधिकारी आदिवासी भागात गेले आणि त्यांनी तिथेच निवड चाचणी घेतली. उदयपूर जिल्ह्यातल्या आहारी जमातीचा लिंबाराम नावाचा मुलगा त्या चाचणीला आला. तो बांबूच्या धनुष्याने चिमण्या-तितर मारायचा. त्याला कोणी पदक विचारले नाही, आधीचे गुण विचारले नाहीत. नेम पाहिला आणि दिल्लीला नेला. धनुष्य सरकारने दिले, जेवण सरकारने दिले, प्रशिक्षक सरकारने दिला. दुसऱ्या वर्षी, 1988 मध्ये, तो सोल ऑलिंपिकमध्ये उभा होता! 1992 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत 30 मीटरवर 360 पैकी 358 गुण मिळवून त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. एक शिकारी पोर आणि विश्वविक्रम, यांच्या मधे फक्त पाच वर्षे होती. मेरिट, मेरिट म्हणून आमच्या कानीकपाळी ओरडणाऱ्यांनी ही पाच वर्षे जरा मोजावीत. मेरिट जंगलात होतेच, साहित्य नव्हते. याच लिंबारामवर पुढे आजारपणात उपचारासाठी मदतीकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली, हाही त्याच गोष्टीचा शेवट आहे. तोही विसरू नये.

तर, आम्ही त्या मुलाला घेऊन दारोदार निघालो. चार दारे पाहिली.

पहिले दार एका पुढाऱ्याचे. त्यांनी अर्ज वाचलाच नाही, लगेच हो म्हणाले. "पोरगं आपलंच समजा." येत्या वाढदिवसाला मंचावर धनुष्य द्यायचे, शहरभर फलक लागतील, आणि पुढे निवडणुकीत पोराने पाड्यापाड्यावर गाडीतून फिरायचे. त्या दिवशी त्यांनी पाकिटात पाच हजार घातले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. धनुष्याचे पुढे काही झाले नाही. फोटो मात्र संध्याकाळपर्यंत गावभर झाला.

दुसरे दार डोंगरात 'सेवाकार्य' करणाऱ्या एका संस्थेचे. त्यांच्या छापील फॉर्मवर जमातीच्या रकान्यात आधीच 'वनवासी' असे लिहिलेले होते. आम्ही ते खोडून 'आदिवासी' लिहिले तेव्हा समोरच्यांचा चेहरा बदलला. तरी ते सभ्यपणे बोलले. अट एकच, गुरुपौर्णिमेला मुलाने एकलव्याच्या वेषात येऊन द्रोणाचार्यांच्या प्रतिमेचे पूजन करायचे. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "दादा, मी तर त्यांच्याकडे शिकलोच नाही. मी आज्याकडे शिकलो."

त्या पोराला आपण काय बोललो हे कळले नसेल, पण अख्खी कथाच त्याने एका वाक्यात उलगडली. एकलव्यही द्रोणाकडे शिकला नव्हता. शिकवायला नकार मिळाला म्हणून तो मातीचा पुतळा करून एकटाच शिकला. ज्याने एक दिवस शिकवले नाही त्याने फी मागितली आणि तीही अंगठ्याची! आता गंमत पाहा. आजच्या रिकर्व्ह धनुष्याची दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतात. अंगठा तळहातात दुमडून ठेवायचा असतो. म्हणजे अंगठा नसलेला एकलव्यही आज 70 मीटरवर उभा राहू शकला असता. त्यामुळे आता अंगठा मागून कोणाचे भागत नाही. आता नाव मागतात, चेहरा मागतात, ओळख मागतात. धनुष्य आम्ही देतो, तू आमचा हो.

तिसरे दार एका कंपनीचे. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. आम्ही हे वाचून गेलो होतो. तिथले अधिकारी तरुण होते, मोकळेपणाने बोलले. एकट्या मुलाला पैसे देता येत नाहीत, नोंदणीकृत संस्था पाहिजे, 12ए पाहिजे, 80जी पाहिजे, सीएसआर-1 पाहिजे, तीन वर्षांचे ऑडिट पाहिजे. आमच्याकडे विहार आहे, अभ्यासिका आहे आणि पावतीपुस्तक आहे. ऑडिट नाही. निघताना ते म्हणाले, मुलाच्या घराचा, आईबापाच्या मजुरीचा एक छोटा व्हिडिओ करून पाठवा, वर दाखवायला बरे पडते. गरिबी दिसली पाहिजे, म्हणजे चांगली दिसली पाहिजे!

चौथे दार सरकारी कचेरीचे. क्रीडा विभागात म्हणाले राष्ट्रीय प्रमाणपत्र आणा. आदिवासी विकासच्या कचेरीतला लिपिक भला माणूस होता. त्याने न्यूक्लिअस बजेटची यादी उघडून दाखवली. शिलाई मशीन आहे, तेलपंप आहे, शेळ्यांचा गट आहे. "धनुष्याला हेडच नाही, भाऊ. शेळ्या घेता का?" तो थट्टा करत नव्हता. त्याच्या हातात तेवढेच होते.

खेळाच्या मैदानात उपयोग करून घ्यायचा आणि माणूस म्हणून लांब ठेवायचे, ही रीत जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी चर्मकार समाजातला पाळवणकर बाळू हिंदूंच्या संघाला सामने जिंकून देत होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. त्याच बाळूला पुण्यात चहा द्यायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू चालतो, हात चालत नाही. नेम चालतो, ओळख चालत नाही.

इथपर्यंत वाचून आमचे वाचक मान डोलावत असतील. व्यवस्था अशी आहे, मनुवाद तसा आहे. पण पाचवे दार अजून बाकी आहे आणि ते आमचे स्वतःचे आहे.

चार दारांवरून परत आलो तेव्हा जयंती बारा दिवसांवर आली होती. बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने हिशोब मांडला. डीजेला 1 लाख 10 हजार ठरले आहेत. तो रद्द केला तर पोराचे धनुष्य येते आणि पैसे उरतात. बैठकीत शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, जयंती वर्षातून एकदाच येते. दुसरा म्हणाला, बाकीच्या मंडळांचा डीजे वाजतो तेव्हा कोणी बोलत नाही, आपल्याच वेळी का? हे बोलणे अगदीच खोटे नव्हते. तिसरा जे बोलला ते मात्र आम्हाला अजून टोचते. तो म्हणाला, "पोरगा आपल्या समाजाचा आहे का? त्यांच्या समाजाने पाहावं ना."

हे वाक्य बुद्धविहारात बोलले गेले, समोर बाबासाहेबांचा फोटो होता. ते बोलणारा आमचा शत्रू नव्हता, चांगला कार्यकर्ता आहे, रक्तदानाला सगळ्यांत आधी येतो. आणि खरे सांगायचे तर ते वाक्य बोलला तो एक, पण मनात आलेले आम्ही अनेक होतो. जातीची उतरंड ज्या पायरीवर उभे राहून आम्ही मोजतो, त्या पायरीच्या खाली पाहायला आम्हीही तयार नसतो. आदिवासी मुलाला पुढारी 'आपला' म्हणतो मतांसाठी, सेवावाले 'आपला' म्हणतात धर्मासाठी आणि आम्ही 'आपला नाही' म्हणतो वर्गणीसाठी. या तिघांत फरक तो काय राहिला?

त्यावर तोड म्हणून आम्ही जे सुचवले ते तर आणखी लाजिरवाणे होते. मदत देऊ, पण मिरवणुकीत एका गाडीवर मुलाने पारंपरिक वेषात तीरकामठा घेऊन उभे राहावे, मागे फलक 'एकलव्याचा वारस'. आम्हाला वाटले, केवढी क्रांतिकारक कल्पना! मुलाचा बाप त्या वेळी ऊसतोडीवरून परत आला होता. तो आपल्या हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, होळीला आम्ही ते कपडे घालतो, ते आमच्या होळीला. तुमच्या गाडीवर नको. तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या, पोरगा बांबूवर खेळेल."

त्या संस्थेच्या एकलव्यात आणि आमच्या एकलव्यात फक्त झेंड्याचा रंग वेगळा होता. एका अडाणी म्हटल्या जाणाऱ्या मजुराने ते आम्हाला दाखवून दिले.

त्या रात्री गुरुजींनी बाबासाहेबांचा विषय काढला. 1913 साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि करार होता, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. म्हणजे आजच्या भाषेत बाबासाहेबांनाही प्रायोजक होता. सयाजीरावांचे मोठेपण आम्ही नाकारत नाही, शाहू महाराजांचे तर नाहीच. पण त्या कराराप्रमाणे 1917 मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा काय झाले? कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. राहायला घर मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका राजाची कृपा विद्वान घडवू शकली, पण त्या विद्वानाला त्याच राजाच्या राजधानीत एक खोली देऊ शकली नाही. कृपा कितीही मोठी असली तरी ती देणाऱ्याच्या हाताएवढीच लांब पोहोचते.

बाबासाहेबांनी यातून काय धडा घेतला ते पाहा. आणखी राजे शोधा, असे ते समाजाला म्हणाले नाहीत. 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्यांनी अनुसूचित जातींच्या मागण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यातून या मुलांच्या शिक्षणासाठी वर्षाला 3 लाख रुपये मंजूर झाले, मुले परदेशी शिकायला गेली. 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, पुढे ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आज आमच्या घरातली मुले जिला 'जीओआय' म्हणतात, तीच ही. तिच्यासाठी आम्ही कोणाच्या वाढदिवसाला जात नाही. तिच्या अर्जावर 'आपले नाव राखीन' असे लिहावे लागत नाही. जे एका राजाच्या मर्जीवर होते ते बाबासाहेबांनी अंदाजपत्रकाच्या ओळीत आणले. उपकाराचे त्यांनी हक्कात रूपांतर केले. आमच्या मते आंबेडकरवाद थोडक्यात सांगायचा तर तो एवढाच आहे.

आणि आम्ही, त्यांचे अनुयायी, एका सोळा वर्षांच्या पोराला पुन्हा राजे शोधत फिरवत होतो.

पुढची बैठक वादळी झाली. डीजे रद्द झाला. हलगी आणि ढोल लावून जयंती झाली. अकरा तरुणांनी वर्गणी परत मागितली आणि वेगळी मिरवणूक काढली. ती जखम अजून भरलेली नाही. 58 हजारांत एका जुन्या खेळाडूचा वापरलेला रिकर्व्ह संच मिळाला. तो आम्ही मुलाला अभ्यासिकेत, पुस्तके देतो तसा, रजिस्टरवर सही घेऊन दिला. हार नाही, फोटो नाही, फलक नाही. त्याचे नाव या लेखात नाही ते याच कारणाने. नाव त्याचे आहे. ते आमच्या मोठेपणासाठी वापरायचा आम्हाला अधिकार नाही.

पण इथे लेख संपवला तर ती आमचीच आरती होईल. कारण दुसऱ्याच आठवड्यात दारात आणखी तीन मुले आली. दोन भिल्ल मुली, बांबूचे धनुष्य घेऊन, आणि आमच्याच वस्तीतला एक मुलगा, भालाफेक करणारा. आमच्याकडे आता डीजे रद्द करायला उरलेला नव्हता. तेव्हा कळले की आम्हीही एक छोटे सयाजीरावच झालो होतो. एकाला दिले, तिघांना हात जोडले.

म्हणून आमची मागणी दानशूरांकडे नाही, सरकारकडे आहे. संविधानाच्या कलम 46 ने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. खेळ हे शिक्षण नाही असे कोणी म्हणत असेल तर शाळेच्या वेळापत्रकातला खेळाचा तास आधी काढून टाका. आदिवासी उपयोजना आणि अनुसूचित जाती उपयोजना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्यासाठीच आहेत. त्यात 'क्रीडासाहित्य शिष्यवृत्ती' नावाचे हेड उघडा. जिल्ह्यात निवड झालेल्या प्रत्येक मुलामुलीला पदकाच्या आधी साहित्य द्या. पदकानंतर तर सगळेच देतात. प्रत्येक प्रकल्पात किमान एका आश्रमशाळेत 70 मीटरचे मैदान, दहा रिकर्व्ह आणि एक पगारी प्रशिक्षक ठेवा. रांचीच्या रिक्षाचालकाची मुलगी दीपिका कुमारी 2006 मध्ये जमशेदपूरच्या अकादमीत गेली आणि तिला धनुष्य आणि विद्यावेतन मिळाले. चार वर्षांत तिने राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. एका उद्योगसमूहाला जे जमते ते सरकारला का जमू नये? आणि निवडीला पाड्यावर या, 1987 सारखे. मुले कुठे आहेत ते तुमच्या वनरक्षकांना चांगले ठाऊक आहे.

आपल्या मंडळांनाही एक विनंती. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा खेळ आणि अभ्यासासाठी बाजूला काढा आणि तो देताना 'आपल्या समाजाचा आहे का' हा प्रश्न विचारू नका. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच पावतीपुस्तकाच्या शेजारी निवेदनाच्या सह्यांचा कागद ठेवा. नुसती वर्गणी देणारी चळवळ देवस्थान होते आणि नुसते निवेदन देणारी चळवळ दुकान होते.

मुलाने परवा पहिल्यांदा पूर्ण 72 बाण मारले. गुण 431 आले. निवडीसाठी ते अजून कमी आहेत, हे त्यालाही माहीत आहे. तीन बाण गवतात हरवले, ते शोधायला आम्ही सगळे अंधार पडेपर्यंत वाकून फिरत होतो. दोन सापडले.

प्रकल्प कार्यालयाला द्यायचे निवेदन त्याने स्वतः पुन्हा लिहून काढले आहे. चार मुलांच्या सह्या आहेत. गुरुजींनी खोडलेली ओळ त्याने परत घातली आहे : आमचे आजे शिकार करत होते, नेम आम्ही त्यांच्याकडून शिकलो. या वेळी गुरुजींनी पेन काढला नाही. आणि शेवटची ओळ, 'मी आपले नाव राखीन', ती त्याने आपणहून गाळली आहे.

जय भीम! जोहार!